पिताच दम लागतो

दम या एवढ्याशा शब्दाने मराठीत किती घोळ घालून ठेवला आहे. अंगात दम असतो, तो चांगला. पळताना दम लागतो, तो वाईट, म्हणजे धाप लागते. वडीलधारी माणसं दम देतात, घाई करणाऱ्याला आपण जरा दम धर म्हणतो. यातला फरक आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो. एका मोठ्या कंपनीला मात्र तो कळला नव्हता. तेवढ्यापायी मी, बी. ए. मराठीच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी, नगरच्या ग्राहक आयोगासमोर उभी राहून त्यांच्या वकिलाशी भांडले. तो दिवस आठवला की मी आजही बसल्या जागी ताठ होते.

आमचं गाव घोडेगावजवळ, हायवेपासून थोडं आत. हायवेला लागून पोलीस भरतीची अकॅडमी आहे. मी तिथे पहाटे पळायला जायचे. शिकवणारे सर सैन्यातून निवृत्त झालेले, शिस्तीचे. एक दिवस तिथे कंपनीची गाडी आली. निळ्या रंगाचं गोड पेय, त्याने भरलेला फ्रीज आणि आम्हा सगळ्या मुलींना फुकट टी-शर्ट. टी-शर्टच्या पाठीवर, आणि बाटलीवरही, पळणारी मुलगी आणि तिच्याखाली ठसठशीत अक्षरांत एक ओळ: पिताच दम लागतो!

मी ती वाचली, फिसकन हसले आणि सगळ्यांना तिचा अर्थ सांगत सुटले. हिंदीत दम लावतात म्हणजे जोर लावतात. कुणीतरी मुंबई-दिल्लीकडे बसून ते तसंच उचलून मराठीत टाकलं असणार. आता आम्ही पन्नासेक मुली पाठीवर ‘प्यायलं की धाप लागते’ असं लिहून हायवेच्या कडेने पळणार होतो. माझ्या शेजारची म्हणाली, अगं, पिता म्हणजे तर बाप, म्हणजे बापच दम लागतो की काय. त्यावर आम्ही वाकून वाकून हसलो. मी सरांना सांगितलं की ही ओळ चुकली आहे. सर म्हणाले, फुकटच्या कपड्याचं व्याकरण काढू नकोस, पळ.

हसलो खरं, पण प्यायलोही. कारण त्याच बाटलीवर इंग्रजीत लिहिलं होतं की पहिल्या घोटापासून ताकद वाढते, थकवा जवळ येत नाही आणि हे प्रयोगशाळेत सिद्ध झालं आहे. हायवेवरच्या फलकावरही तेच. इंग्रजीत लिहिलेलं खरं असतं अशी आमची एक भाबडी समजूत. आई रोज लिंबू, मीठ, साखर घालून पाण्याची बाटली भरून द्यायची. ती मी बंद केली. आईला वाईट वाटलं, पण मुलीच्या भरतीच्या आड कशाला यायचं म्हणून ती गप्प बसली.

आता माझ्या वडिलांविषयी सांगायला हवं, कारण खरा खटला त्यांच्यापुढेच होता. आण्णा घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात दलाल. विकणारा आणि घेणारा यांच्यामध्ये उभं राहून, रुमालाखाली बोटं धरून ते सौदा जुळवतात. गाय असो, बैल असो, त्यांनी एकदा चालवून पाहिला, पळवून त्याच्या बरगड्यांकडे पाहिलं, की दम आहे की नाही ते सांगून मोकळे होतात. बाजारात त्यांचा शब्द कुणी परत तपासत नाही. आणि त्यांचा एक नियम आहे. जनावराची खोड असेल, म्हणजे लाथ मारत असेल, दूध चोरत असेल, औताला बसत असेल, तर ती चारचौघांत मोठ्याने सांगूनच विकायची. खोड लपवली तर जनावर माघारी येतं, आणि दलालाला पुढच्या बाजारी तोंड दाखवायला जागा राहत नाही.

भरतीच्या मैदानी चाचणीला आण्णा टेम्पो घेऊन माझ्याबरोबर नगरला आले. मुलींना आठशे मीटर पळायचं असतं. पळण्याआधी मी ती निळी बाटली अख्खी रिकामी केली. सुरुवात झकास झाली. मी पुढच्या चौघींत होते आणि मनातल्या मनात खाकी कपडेही घालून पाहिले होते. निम्म्यानंतर कुशीत कळ आली. छाती धडधडायला लागली, श्वास वरच्या वर राहायला लागला. ज्यांना मी रोज मागे टाकायचे त्या मुली माझ्या शेजारून निघून गेल्या. मी रेष ओलांडली तेव्हा गुण मिळण्यासारखं काही उरलं नव्हतं. बाहेर आण्णा उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तोंडाकडे नाही, बरगड्यांकडे.

पुढच्या बाजारी मी त्यांचा डबा घेऊन गेले. ते नेहमीच्या चहाच्या टपरीपाशी चार व्यापाऱ्यांबरोबर उभे होते आणि मी टेम्पोच्या आडून येत होते. कुणीतरी विचारलं, पोरीच्या भरतीचं काय झालं? आण्णांनी बशीतला चहा फुंकला आणि म्हणाले, “पोरगी गुनाची हाय. पन दम न्हाई तिच्यात.”

झालं. चौघांनी माना हलवल्या, म्हणजे निकाल लागला. मी डबा टेम्पोच्या सीटवर ठेवला आणि कुणाला न दिसता परत फिरले. रस्ताभर माझे कान तापले होते. रागाने की लाजेने ते मला आजही ठरवता येत नाही, पण राग जास्त असावा. घरी आण्णांनी तेच शब्द रागावून म्हटले असते तर मी उलट बोलले असते, दोन दिवस जेवले नसते, आणि मिटलं असतं. पण हे बाजारात बोललं गेलं होतं. त्या चौघांपैकी एकाने आठवड्याच्या आत माझ्यासाठी स्थळ आणलं. मुलगा चांगला आहे, पळापळीचं खूळ तेवढं सोडायला सांगा, असा निरोप. आईने माझ्याकडे पाहिलं, आण्णांनी हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. पुढच्या भरतीचं नाव घरात कुणी काढेना. आण्णांचा शब्द असाच राहिला तर माझं पळणं संपलं, हे मला स्वच्छ दिसत होतं.

माझ्या पिशवीत अजून एक न फोडलेली बाटली होती. ती फेकून द्यायला म्हणून हातात घेतली आणि पहिल्यांदा नीट, वरपासून खालपर्यंत वाचली. ‘प्रयोगशाळेत सिद्ध’ या शब्दांच्या डोक्यावर एक बारीकशी चांदणी होती. तिचा माग काढत मी बाटलीच्या बुडापर्यंत गेले. तिथे मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं की परिणाम व्यक्तीनुसार वेगळे असू शकतात. माझं डोकंच फिरलं. पुढे मोठ्याने गायचं आणि बुडाशी पुटपुटायचं! कॉलेजात एकदा एका वकीलबाईंचं भाषण झालं होतं. ग्राहकाला स्वतः तक्रार करता येते, वकील लावावाच लागतो असं नाही, एवढं त्यातलं माझ्या लक्षात राहिलं होतं. मी त्यांना शोधून काढलं. त्यांनी मला तक्रार कशी लिहायची ते समजावलं आणि एक गोष्ट बजावली: या पेयामुळेच तू मागे पडलीस असं लिहू नकोस, ते तुला सिद्ध करता येणार नाही. एवढंच विचार की हे जे छापलंय ते कशाच्या जोरावर छापलंय.

आण्णांना कळलं तेव्हा ते दारात चपला काढत होते. एक पायात, एक हातात, तसेच थांबले.

“पानी पिलीस, संपलं. आता कंपनीशी भांडून काय पायात जोर येनार हाय का?”

मी म्हटलं, “आण्णा, तुम्ही खोड लपवून जनावर विकाल का?”

“म्या कशाला इकीन?”

“मग त्यांनी का विकावं?”

राहिलेली चप्पल काढून आण्णा मोरीकडे हात धुवायला गेले. नोटीस गेली, कंपनीचा लेखी जबाब आला, तारखा पडत राहिल्या, आणि घरात त्या विषयावर कुणी चकार शब्द काढला नाही. पण स्थळाच्या माणसांना आण्णांनी थोडं थांबायला सांगितलं आहे, असं आईकडून कळलं. तेवढ्यावर मी दोन दिवस उड्या मारत होते.

युक्तिवादाच्या तारखेला मी एसटीने नगरला जाणार होते. सकाळी बघते तर आण्णांचा टेम्पो दारात चालू. मला नगरला काम हाय, ते म्हणाले. काय काम ते मी विचारलं नाही. हायवेला आलो तर अकॅडमीच्या फाट्यावर आठ-दहा मुली उभ्या, सगळ्यांच्या अंगात तोच टी-शर्ट. मला पाहून त्यांनी जो गलका केला! त्या मागे चढल्या. जनावरं नेणाऱ्या टेम्पोच्या हौद्यात दाटीवाटीने उभ्या राहून, गाणी म्हणत, पाठीवर ‘पिताच दम लागतो’ मिरवत आम्ही नगरात शिरलो. सिग्नलला एक रिक्षावाला वाचून खो खो हसला. त्याच्याबरोबर मीही हसले.

आयोगाची खोली आमच्या कॉलेजच्या वर्गाएवढीच. समोर अध्यक्षबाई आणि त्यांच्या बाजूला सदस्य. मुली मागच्या बाकांवर बसल्या, आण्णा दाराजवळ भिंतीला टेकून उभे राहिले. कंपनीचे वकील पुण्याहून आले होते. गोड बोलणारे, मराठी अडखळत बोलणारे, कडक इस्त्रीचे. त्यांनी आधी सांगितलं की जाहिरात म्हणजे उत्साहाची भाषा, ती अक्षरशः कुणी घेत नाही. अध्यक्षबाईंनी विचारलं, प्रयोगशाळेत सिद्ध हीसुद्धा उत्साहाची भाषा का? त्यांनी एक जाडजूड कागद पुढे केला. बाईंनी तो चाळला आणि म्हणाल्या, यात तुमच्या पेयाचं नाव कुठे आहे? ते दुसऱ्याच कशावर तरी केलेलं काम होतं.

मग वकिलांनी आपला हुकमी पत्ता काढला. त्यांच्या हाताखालच्या मराठी सहकाऱ्याने तो त्यांना पुरवला असावा. ते म्हणाले, तक्रारदार मराठी माध्यमात शिकली आहे. तिच्याच शपथपत्रात लिहिलं आहे की तिने बाटलीवरची मराठी ओळ आधी वाचली आणि मैत्रिणींना त्या ओळीचा अर्थही सांगितला. मराठीत आम्ही ताकदीचं कुठलंच आश्वासन दिलेलं नाही. मराठीत लिहिलं आहे, पिताच दम लागतो. तिला दम लागला. मग तिची फसवणूक कुठे झाली?

माझ्या मागे एक मुलगी हसायला लागली आणि मध्येच थांबली. कारण तो मुद्दा वेडगळ असला तरी बिनतोड वाटत होता. मीच तर सगळ्यांना अर्थ सांगत सुटले होते! मग माझी नजर दाराकडे गेली. आण्णांच्या कपाळावर आठ्या होत्या. त्यांनाही कळलं होतं की हा माणूस काय म्हणतो आहे. तो म्हणत होता, आम्ही खोड सांगून विकलं.

आणि मला उत्तर सापडलं. खरं तर ते लहानपणापासून घरातच होतं.

मी उठले आणि म्हटलं, “मॅडम, माझे वडील जनावरांच्या बाजारात दलाल आहेत. तिथे खोड सांगून विकलं तर तक्रार चालत नाही, हे बरोबर. पण खोड सांगणारा त्याच दमात ‘हे जनावर वाऱ्यासारखं पळतं’ असं ओरडत नाही. यांनी पळणारी मुलगी काढली, इंग्रजीत ताकद लिहिली आणि आता म्हणतात मराठीत खोड सांगितली. मग त्यांनी एक काय ते ठरवावं. मराठी ओळ खरी असेल, तर धाप लागते हे माहीत असून त्यांनी हे पळणाऱ्या मुलींना विकलं. ती खोटी असेल, तर त्यांनी खोटं छापलं. दोन्हींपैकी कुठलं, ते त्यांनी इथे लिहून द्यावं.”

हे बोलताना मी एकदाही श्वास घेतला नसावा. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला, वकिलांकडे वळल्या आणि शांतपणे म्हणाल्या, सांगा, कंपनीचं म्हणणं कुठलं नोंदवून घेऊ? वकिलांनी हाताखालच्याकडे पाहिलं. हाताखालच्याने कागदात तोंड घातलं. शेवटी वकिलांनी मुदत मागितली. आता मात्र मागच्या बाकांवरचं हसू कुणाच्याने आवरेना, आणि बाईंनीही कुणाला फारसं दटावलं नाही. मला नाचावंसं वाटत होतं. मी नुसती टेबलाची कड घट्ट धरून उभी राहिले.

परत येताना आण्णा गाडी चालवत होते आणि मी शेजारी. मागे मुलींचा दंगा चालला होता. पांढरीपुलाशी आण्णा एवढंच म्हणाले की बाजाराची रीत तिथं सांगितलीस, बरं केलंस. मला अजून काहीतरी हवं होतं, पण ते मागून मिळण्यातलं नव्हतं.

निकाल यथावकाश आला आणि माझ्या बाजूने आला. कंपनीने तो दावा सगळीकडून काढावा, मराठी ओळही काढावी, दुरुस्ती वर्तमानपत्रात छापावी आणि मला तक्रारीचा खर्च द्यावा. पत्र वाचून मी अंगणात गोल गोल फिरले. पण खाली एक वाक्य होतंच. पेयामुळे तक्रारदाराची धावण्याची क्षमता कमी झाली हे सिद्ध झालेलं नाही. वकीलबाईंनी सांगितलं होतं तसंच. म्हणजे कंपनी खोटी ठरली होती, पण माझ्यात दम होता की नव्हता, हे कुठल्याच आयोगाने सांगितलं नव्हतं. तो निकाल अजून बाजारातच अडकला होता.

आण्णांना मी पत्र वाचून दाखवलं. ते वाक्यही गाळलं नाही. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं, थोडा वेळ दाढी खाजवली आणि म्हणाले, “घेनाऱ्याला शंका आली तर आमी काय करतो?”

मला माहीत होतं. “परत पळवून बघता.”

“मंग सकाळी चल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटाच्या रस्त्यावर आण्णांनी मला पळवलं. हातात घड्याळ नाही, शिट्टी नाही. आईने भरलेली लिंबू-मिठाची बाटली टेम्पोच्या बोनेटवर. मी पळाले. पिंपळापर्यंत जाऊन परत, पुन्हा पिंपळापर्यंत, पुन्हा परत. कुशीत कळ नाही, छातीत धडधड नाही, पायांना जमीन लागते आहे की नाही तेही कळू नये असं पळाले. रस्ता माझा होता! थांबले तेव्हा आण्णा जवळ आले आणि चांगलं निरखून माझ्या बरगड्यांकडे पाहत राहिले. मला हसू येत होतं, कारण पुढे ते माझे दातही मोजतील असं वाटायला लागलं होतं. त्यांनी बाटली माझ्या हातात दिली आणि टेम्पो सुरू केला. त्यानंतर रोज सकाळी टेम्पो पाटाच्या रस्त्यावर यायला लागला.

काही दिवसांनी कंपनीची दुरुस्ती छापून आली. मी सगळा पेपर दोनदा उलटला तेव्हा ती सापडली. आतल्या पानावर, हरवले-सापडले आणि नाव बदलल्याच्या जाहिरातींमध्ये, नखाएवढी. तिथेही त्यांनी आपली मुंगीची अक्षरं सोडली नव्हती. मी तो पेपर आण्णांच्या पुढ्यात टाकला आणि म्हटलं, बघा, हायवेवर घराएवढ्या अक्षरांत ओरडले आणि चूक कबूल केली ती अशी. आण्णांनी डोळ्यांजवळ नेऊन ते छापलेलं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्यांनी पेपरची घडी घातली आणि म्हणाले, बाजारी डबा घेऊन ये.

बाजार भरला होता. गायी-म्हशींच्या रांगा, धूळ, दोरखंडवाले, हाका. मी डबा घेऊन टपरीपाशी गेले. या वेळी टेम्पोच्या आडून नाही, समोरून. तेच चौघे चहा पीत उभे होते. ज्याने स्थळ आणलं होतं तोही होता. आण्णांनी मला हाताला धरून आपल्या शेजारी उभं केलं. आता सौद्याला उभं करतात की काय, असा एक चावट विचार माझ्या मनात येऊन गेला. पुढची भरती अजून व्हायची होती. मी पास होईन की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं, आण्णांनाही नाही.

त्यांनी डोक्याची टोपी नीट केली आणि आवाज चढवला. सौदा पक्का झाला की चढवतात तो आवाज. आजूबाजूची चार-दोन गिऱ्हाइकंही वळून बघायला लागली.

“हितंच मी बोललो हुतो, पोरीत दम न्हाई. ती माझी पारख चुकली. तुमी समद्यांनी ऐकलं हुतं, म्हून समद्यांम्होरं सांगतो. माझ्या लेकीत लई दम हाय.”

टपरीवाल्याने माझ्यापुढे चहाचा कप धरला. मी तो घ्यायला हात पुढे केला आणि मला कळेना काय होतंय. छाती वरखाली व्हायला लागली, श्वास पुरेना, शब्द फुटेना. एक पाऊलही न पळता मला दम लागला होता.